माशांची पेटी ठेवताय? आधी शेजार जुळवा

संक्रांतीच्या आठवड्यात राहूला जाणे झाले होते. भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या मधला हा दौंड तालुक्याचा पट्टा. लोक त्याला राहू बेट म्हणतात. नदीपलीकडे शिरूर तालुका लागतो. ऊस आणि गुऱ्हाळे ही या बेटाची ओळख. एका बागायतदाराच्या खोडव्यावर केवडा पडला होता, तो पाहण्यासाठी मी गेलो होतो. खोडवा पाहून झाला, विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल वाचून झाला आणि चहासाठी आम्ही घरी आलो.

ओसरीवर दोन फूट लांबीची माशांची काचपेटी मांडलेली होती. नातवाच्या हट्टापायी आबांनी दिवाळीत शहरातून आणलेली. नातू सहावीत. तो पेटीपाशी तोंड पाडून बसला होता.

आबा म्हणाले, "सायेब, उसाचं सांगितलंत, आता या पोराचंबी एक सांगा. आठ गप्पी आणले होते. रोज एक कमी होतोय. मेलेला म्हणावा तर तोबी सापडत नाही. म्हातारी म्हणती, मांजर नेतंय."

आजींनी पेटीवर फळी ठेवली, फळीवर वरवंटा ठेवला. तरी मासे कमी होतच राहिले. त्या सकाळी शेवटचा गप्पीही दिसेना.

मी पेटीत डोकावलो. आत तळव्याएवढे दोन मासे संथपणे फिरत होते. काळे अंग, त्यावर केशरी चट्टे, तोंड रुंद. चोर घरातच होता. हे ऑस्कर जातीचे मासे. आणले तेव्हा दोन बोटे लांबीचे होते आणि दिसायला फार गोजिरवाणे. तीन महिन्यांत त्यांचे तोंड मोठे झाले आणि ज्यांच्यासोबत ते नांदत होते, तेच मासे त्यांचे खाद्य झाले.

पेटीत आणखी कोण कोण होते ते पाहिले. शेपटीच्या चिंध्या झालेले दोन गोल्डफिश. काचेवर धडका देणारे, दुकानदाराने 'शार्क' म्हणून दिलेले दोन मासे. आणि काचेला चिकटलेला एक सकर. म्हणजे दिवाळीत पंधरा मासे एका पेटीत घातले होते आणि त्यांतले कोणतेही दोन प्रकार एकमेकांना धड जुळणारे नव्हते. दुकानदाराने रंग पाहून दिले, घेणाऱ्याने रंग पाहून घेतले.

गावोगावी हल्ली अशा काचपेट्या दिसू लागल्या आहेत. मुलांना त्यांचा लळा लागतो आणि घराला शोभा येते. पण बहुतेक पेट्या वर्षभरात रिकाम्या होऊन माळ्यावर जातात. मासे नाजूक असतात म्हणून हे होते असे लोक समजतात. खरे कारण बहुधा निवडीत असते. मी शेतकीचा पदवीधर, माशांचा पंडित नव्हे. पण हौसेने पुष्कळ वर्षे पेटी सांभाळली आहे आणि चुकाही पोटभर केल्या आहेत. त्या अनुभवाचे चार शब्द सांगतो.

तळ्यातले तीन मजले

हा विषय शेतकऱ्याला नवा नाही. ज्यांनी शेततळ्यात मासे सोडले आहेत त्यांना कटला, रोहू आणि मृगळ ही नावे ठाऊक आहेत. (राहूत रोहूचे नाव काढले की मंडळी हसतात, तो भाग निराळा!) हे तीन मासे एकत्र का सोडतात? कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. एकाच घराचे तीन मजले, तिघांची चूल वेगळी. म्हणून भांडण नाही. पुढे त्यांत चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस यांची भर पडली. यालाच मिश्र मत्स्यशेती म्हणतात. १९७१ साली या पद्धतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि देशभर तिचा प्रसार झाला.

त्याच तळ्यात मरळ शिरली तर काय होते, हेही शेतकरी जाणतो. बोटुकली फस्त होते. म्हणून तळ्यात बीज सोडण्याआधी आपण मरळ आणि शिंगटा काढून टाकतो.

घरची काचपेटी म्हणजे लहानसे तळेच. फरक एवढाच की तळ्यात दुबळ्या माशाला पळून जायला जागा असते, पेटीत नसते. म्हणून तळ्यापेक्षा पेटीत शेजार अधिक काळजीने निवडावा लागतो. निवडताना चार गोष्टी पाहाव्यात: पाणी, वाढ, स्वभाव आणि वावरण्याचा थर.

आधी पाणी पाहा

आपण जमीन पाहून पीक घेतो. चुनखडीच्या जमिनीत कोणते झाड तग धरील हे आधी विचारतो. माशांच्या बाबतीत मात्र आधी मासे आणतो आणि मग पाण्याचा विचार करतो.

ऊसपट्ट्यातल्या बहुतेक विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड असते. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, हंड्याला आतून पांढरा थर धरतो. आबांच्या विहिरीचा अहवाल माझ्या हातातच होता. सामू आठाच्या वर. खोडव्यावर केवडा पडण्याचे कारणही तेच होते, चुनखडीमुळे उसाला लोह मिळत नव्हते.

असे जड पाणी काही माशांना मानवत नाही. निऑन टेट्रासारखे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातले. तिकडचे पाणी मऊ आणि किंचित आंबट, म्हणजे सामू सातपेक्षा कमी. आपल्या विहिरीच्या पाण्यात ते रंग सोडतात आणि फार दिवस टिकत नाहीत. उलट गप्पी, प्लॅटी, मॉली आणि स्वोर्डटेल या पिले देणाऱ्या माशांना जड पाणीच आवडते. मॉली तर थोडेफार खारट पाणीही सहन करते. म्हणजे जे पाणी आपल्याला उसासाठी डोकेदुखी वाटते, तेच या मंडळींना मानवते.

काही जण पिण्याचे आर.ओ.चे पाणी पेटीत भरतात. नुसते ते पाणी वापरू नये. त्यात क्षार जवळजवळ उरलेले नसतात, आणि सामू एकदम खाली-वर होतो. ग्रामपंचायतीच्या नळाला टी.सी.एल. पावडर टाकलेली असते. ते पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच वापरावे. नदीचे किंवा कालव्याचे पाणी मात्र घेऊ नये. मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी येते, हे इकडच्या कोणाला सांगायला नको.

पुरता वाढल्यावर केवढा?

गाईचे वासरू घेताना आपण गाईएवढा गोठा आहे का हे पाहतो. मासा घेताना मात्र दुकानात दिसतो तेवढाच तो राहणार असे धरून चालतो. मोठी फसगत इथेच होते.

आबांच्या पेटीतल्या 'शार्क'चेच पाहा. हा समुद्रातला शार्क नव्हेच. हा आपला पंगस! धरणातल्या पिंजऱ्यांत आणि तळ्यांत खाण्यासाठी वाढवतात तोच. मूळचा आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीचा, आणि पुरता वाढला तर एक मीटरच्याही वर जातो. त्याला दोन फुटी पेटीत ठेवणे म्हणजे बैलाला खुराड्यात कोंडणे. हा मासा भित्रा असतो, थोडी हालचाल झाली की उधळतो आणि काचेवर नाक आपटून घेतो.

ऑस्कर एक फुटापर्यंत वाढतो. सकर एक ते दीड फुटापर्यंत जातो. 'सकर पेटीतली घाण खातो' असे सांगून तो विकतात. तो शेवाळ खरवडतो हे खरे, पण माशांची विष्ठा खात नाही. उलट स्वतःच भरपूर घाण करतो. गोल्डफिश लहान वाटतो, पण तोही वीतभर होतो. शिवाय त्याला थंड पाणी आवडते, गप्पी-प्लॅटीला कोमट. म्हणून गोल्डफिश नेहमी गोल्डफिशबरोबरच ठेवावा, आणि गोल काचेच्या भांड्यात तर मुळीच ठेवू नये.

पेटीत किती मासे ठेवावेत याचा एक ढोबळ हिशोब आहे. पुरत्या वाढलेल्या लहान माशांची लांबी मोजावी आणि एक लिटर पाण्याला एक सेंटिमीटर धरावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत साधारण ५४ लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटर उरते. म्हणजे सगळ्या माशांची मिळून ४५ सेंटिमीटर लांबी झाली की पेटी भरली. हा हिशोब गप्पीसारख्या बारीक माशांना लागू पडतो, ऑस्करला नव्हे. आणि पेटीला गाळणी चालू आहे असे यात धरले आहे.

स्वभाव जुळला पाहिजे

एका जुवाला दोन बैल जुंपताना आपण त्यांची उंची आणि चाल जुळवतो. एक मारका निघाला तर दुसऱ्याचे हाल होतात. माशांतही मारके, भित्रे, खोडकर आणि सोशीक असे प्रकार असतात.

फायटर मासा नावाप्रमाणेच भांडखोर. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात. लांब रंगीत शेपटीचा गप्पी दिसला तर त्यालाही तो प्रतिस्पर्धी समजतो. फायटर एकटाच ठेवावा.

टायगर बार्ब चपळ आणि खोडकर. दुसऱ्याची लांब शेपटी दिसली की कुरतडतो. तो ठेवायचाच असेल तर सहापेक्षा जास्त एकत्र ठेवावेत, म्हणजे ते आपसांतच दंगा करतात. गोल्डफिश किंवा एंजल यांच्यासोबत तो नको.

एंजल लहानपणी गरीब दिसतो. पण तो ऑस्करच्याच कुळातला. वाढला की निऑनसारखे बारीक मासे गिळतो. त्याला उंच आणि मोठी पेटी लागते.

फ्लॉवरहॉर्न हा कपाळावर टेंगूळ असलेला मासा घरात भरभराट आणतो म्हणून महाग विकला जातो. गेल्या शतकाच्या अखेरीस मलेशियात माणसाने संकर करून ही जात तयार केली. तिच्यात भरभराट किती आहे मला ठाऊक नाही, पण भांडखोरपणा मात्र पुरेपूर आहे. तोही एकटाच राहणारा.

याउलट काही मासे कळपाने राहणारे असतात. झेब्रा डॅनिओ हा पट्ट्यांचा मासा आपल्या देशातलाच. तो एकटा-दुकटा ठेवला तर बावरतो, नाहीतर दुसऱ्यांच्या मागे लागतो. सहा एकत्र ठेवले की पेटीचा वरचा थर सतत हलता राहतो. तळाशी फिरणारे कॉरिडोरास मासेही पाच-सहाच्या घोळक्यात सुखी असतात. त्यांच्या मिशा नाजूक असतात, म्हणून खाली टोकदार खडी नको, बारीक वाळू हवी.

पिले देणाऱ्या माशांत नर-मादीचे प्रमाण सांभाळावे. एका नराला दोन-तीन माद्या असाव्यात. नर जास्त झाले की माद्यांना ते पिटाळत राहतात आणि माद्या खचतात.

आपल्या पाण्याला मानवणारी मंडळी

विहिरीचे जड पाणी आणि दोन फुटी पेटी असे धरून पुढील जुळण्या सुचवतो. दोन्हींपैकी एकच घ्यावी, दोन्ही एकत्र नकोत.

पहिली जुळणी: सहा झेब्रा आणि तीन प्लॅटी (एक नर, दोन माद्या). झेब्रा वर खेळतात, प्लॅटी मध्ये आणि खाली चरते. दोन्ही सोशीक आहेत आणि हिवाळ्यात पाणी थोडे गार झाले तरी तग धरतात. नवशिक्याने हीच जुळणी घ्यावी.

दुसरी जुळणी: दोन नर आणि चार माद्या असे सहा गप्पी, आणि सोबत तीन प्लॅटी. रंगाला ही अधिक चांगली. पण दोन्ही जाती महिन्या-महिन्याने पिले देतात, तेव्हा जास्तीच्या पिलांची सोय आधी पाहून ठेवावी.

मॉली हौसेने ठेवायची असेल तर पेटी तीन फुटी घ्यावी. ती वाढते आणि खातेही भरपूर.

आपल्याकडे हिवाळ्याच्या रात्री बोचऱ्या असतात. पाणी २० अंशांच्या खाली जाऊ लागले तर गप्पी मलूल होतात. लहान हीटर बसवावा, नाहीतर झेब्रावर समाधान मानावे. वीज गेली की हवेचा पंप थांबतो, हेही ध्यानात ठेवावे. पेटीत मासे माफक असतील तर चार-सहा तास वीज नसली तरी निभावते. दाटी असेल तर सकाळी मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात.

पेटी भरली म्हणजे तयार झाली नव्हे

पेटी मांडली, पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले, असे सर्रास होते. आठवडाभरात मासे मरू लागतात. याचे कारण शेतकऱ्याला चटकन समजेल.

आपण शेतात युरिया टाकतो. जमिनीत त्याचा अमोनिया होतो आणि जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पेटीतही हेच चालते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. त्याचे नायट्रेट करणारे जिवाणू खडीवर आणि गाळणीतल्या स्पंजवर वस्ती करतात. ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. पाण्याचा सामू जास्त असेल तर अमोनिया आणखी जहाल होतो. म्हणून आपल्या जड पाण्यात घाई मुळीच करू नये.

आधी तीन प्लॅटी सोडाव्यात. खाद्य अगदी थोडे द्यावे. जिवाणूंची वस्ती बसली की महिनाभराने बाकीचे मासे आणावेत. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, पहिल्या महिन्यात दोनदा बदलावे. गाळणीचा स्पंज नळाखाली खसखसून धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा, नाहीतर जिवाणू वाहून जातात. काढलेले पाणी फेकू नये. त्यात नत्र असते. परसातल्या भाज्यांना किंवा तुळशीला घालावे.

खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. भुकेने मेलेले मासे मी क्वचित पाहिले, जास्त खाद्याने पाणी नासून मेलेले पुष्कळ पाहिले.

नवीन मासा आणला की पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्हींचे तापमान सारखे होते. मग थोडे थोडे पेटीचे पाणी पिशवीत घालून मासा सोडावा. बाजारातून आणलेली गाय आपण लगेच गोठ्यातल्या जनावरांत बांधत नाही. तसाच नवीन मासाही पंधरा दिवस वेगळ्या टबात ठेवता आला तर उत्तम. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो मासा पेटीत घालू नये. तो रोग सगळ्यांना लागतो.

माझ्या हातून घडलेली चूक

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी सरकारी निवासस्थानात राहत असताना माझ्याकडे पेटी होती. एके दिवशी कपाशीवर फवारणीचे प्रात्यक्षिक देऊन घरी आलो. हात धुतले होते, पण घाईत. पेटीतली एक फांदी तिरकी झाली होती, ती हात घालून सरळ केली. संध्याकाळपर्यंत सगळे मासे उलटे झाले. माझ्या मुलीने दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले.

पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके माशांना अत्यंत जहाल असतात. जी मात्रा आपल्याला जाणवतही नाही ती त्यांना मारते. म्हणून शेतकरी कुटुंबाने हे कडक पाळावे: फवारणी केलेल्या माणसाने त्या दिवशी पेटीत हात घालू नये. औषधाची बादली किंवा मग पेटीसाठी वापरू नये. डासांच्या अगरबत्तीत आणि यंत्रातल्या द्रवातही याच गटातली औषधे असतात. ती लावताना पेटी झाकावी आणि दुसऱ्या खोलीत लावावी. घरात फवारा तर मारूच नये.

नको झालेला मासा नदीत नको

आता आबांच्या पेटीकडे परत येतो. मी ऑस्कर, पंगस आणि सकर यांची कुंडली सांगितली तेव्हा आबा म्हणाले, "मग या धेंडांना भीमेत सोडून देतो. त्यांचाबी जीव वाचंल, आपल्यालाबी पुण्य लागंल."

मी म्हणालो, "आबा, एवढे मात्र करू नका."

चिलापीची गोष्ट मी त्यांना सांगितली. चिलापी आपल्या देशातली नव्हे. १९५२ साली ती आफ्रिकेकडची जात म्हणून भारतात आणली गेली, लोकांना स्वस्त मासा मिळावा या चांगल्या हेतूने. आज राहूवरून वाहत जाणारी भीमा ज्या उजनी जलाशयाला मिळते, तिथल्या जाळ्यांत चिलापीच फार येते. वाम, मरळ, शिंगटा असे पूर्वीचे मासे कमी झाल्याचे तिथले मच्छीमार सांगतात. त्याला प्रदूषणासारखी इतर कारणेही आहेत, पण परक्या माशाचा वाटा त्यात आहेच. उजनीच्या जाळ्यांत सकरही सापडू लागल्याच्या बातम्या आल्या. सकर हा तर पेटीतलाच मासा. तो नदीत आला तो कोणाच्या तरी घरातून किंवा टाकीतूनच. त्याला खायला गिऱ्हाईक नाही, अंगावरच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि तो काठाच्या मातीत बिळे करतो. आफ्रिकन मागूर या मांसाहारी माशाच्या पालनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तीही अशाच भयापोटी.

शेतात एकदा गाजरगवत शिरले की ते निघत नाही. पाण्यातही तसेच. एका घराच्या दृष्टीने जो एक मासा असतो, तो नदीच्या दृष्टीने बी असते. विहीर, ओढा, कालवा, शेततळे, यांपैकी कुठेही पेटीतला मासा सोडू नये. पावसाळ्यात शेततळे ओसंडले की त्यातला मासा ओढ्यात जातो आणि ओढा नदीला मिळतो. गप्पीसारखा लहान मासाही ओढ्यात नको. डासांसाठी आरोग्य खाते गप्पी देते, ते बंदिस्त हौदापुरते ठेवावेत.

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी पुण्य करायला जावं अन् पाप पदरात पडावं, असं झालं असतं की."

मग त्या माशांचे काय झाले?

पुढच्या रविवारी आजोबा आणि नातू डबा घेऊन शहरात गेले. दुकानदाराने आधी कांकूं केली. पैसे परत मिळाले नाहीत, पण ऑस्कर, पंगस आणि सकर त्याने ठेवून घेतले. गोल्डफिशसाठी घरामागचा सिमेंटचा जुना हौद स्वच्छ केला. वर कडुलिंबाची सावली होती. पक्ष्यांपासून राखण म्हणून जाळी बांधली. शेपट्यांच्या चिंध्या दोन महिन्यांत भरून आल्या.

पेटीला महिनाभर विश्रांती दिली. मग आधी तीन प्लॅटी आणि नंतर सहा झेब्रा आले. पेटीत पाणवनस्पती लावल्या, त्यांच्या आडोशाला पिले लपतात. उन्हाळ्यात मी खोडव्याचे फुटवे पाहायला गेलो तेव्हा नातवाने वही आणून दाखवली. किती पाणी बदलले, किती खाद्य दिले, प्लॅटीने कधी पिले दिली, सगळे तारीखवार लिहिलेले. शेवटच्या पानावर लिहिले होते, "आज एकही मासा कमी नाही."

आपल्या घरी पेटी आणायची असेल तर दुकानात रंग पाहण्याआधी पाच प्रश्न विचारावेत. हा मासा पुरता वाढल्यावर केवढा होतो? याला पाणी कसले लागते, जड की मऊ, गार की कोमट? हा एकटा राहतो की कळपाने? हा काय खातो, आणि पेटीतला दुसरा कोणी याच्या तोंडात मावतो का? आणि पुढेमागे नको झाला तर दुकानदार परत घेईल का? यांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर मासा न घेता परत यावे. पिशवीतला मासा मुलाच्या हातात आल्यावर नाही म्हणणे कोणत्याच आजोबाला जमत नाही.